कवडूकाकाचा हात

सौसरला माझ्या आईच्या घराला लागून कवडूकाकाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, मागे दार आणि दारामागे त्यांचं घर. पत्र्याच्या पाटीवर हिंदीत लिहिलंय, 'यहाँ मोटर, पंखा, कूलर की वाइंडिंग की जाती है.' खाली मराठीत, जरा लहान अक्षरांत, 'सामानाला हात लावू नये.' ही दुसरी ओळ वाचून मला लहानपणापासून हसू येतं, कारण त्या दुकानाचा सगळा कारभारच हात लावण्यावर चालायचा.

रामाकोन्यापासून मोहगावपर्यंत कोणाच्याही विहिरीवरची मोटर जळाली की ती कवडूकाकाकडे यायची. संत्र्याच्या बागांना पाणी द्यायचे दिवस आले की व्होल्टेज पडायचं, मोटरा नुसत्या गुरगुरायच्या आणि जळायच्या. काका जळालेली तांब्याची तार उपसून काढायचा, नवी भरायचा, वार्निश पाजायचा आणि मोटरच्या पोटात दोनशेचा बल्ब लटकवून तिला दिवसभर सुकवायचा. वार्निशचा तो वास कुठे आला की मला अजून पाचवीतलं दप्तर आठवतं. माझ्या सगळ्या वह्यांना तोच वास यायचा आणि शाळेतल्या बाई नाक मुरडायच्या.

मोटर तयार झाली की ती पाव तास चालवायची आणि मग काका तिच्या अंगावर हात ठेवायचा. आधी हाताची पाठ, कारण करंट उतरला असेल तर पाठ झटक्यानं मागे येते, तळवा मात्र मूठ आवळून तिथेच अडकतो. मग तळवा. तळवा ठेवला की दहापर्यंत मोजायचं आणि ते मोजणं माझ्याकडे होतं. शाळेतून आले की मी स्टुलावर चढून बसायचे आणि अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात मोजायचे. दहापर्यंत हात टिकला म्हणजे मोटर पास. पण काका एवढ्यावर सोडत नसे. अजून पाव तासानं पुन्हा हात, पुन्हा माझे आकडे.

"एकदा हात ठेवून काय समजते, पोरी?" तो म्हणायचा. "मानूस काम करते तं गरम होतेच. मशीनही होईन. गरम होनं वाईट नाही, चढत जानं वाईट. ताव कुठंतरी थांबला पाहिजे."

मी आज पांढुर्ण्याला शाळेत विज्ञान शिकवते. उष्णतेचा धडा दरवर्षी घेते आणि दरवर्षी हेच वाक्य पुस्तकातल्यापेक्षा बरं वाटतं.

कवडू हे नाव आता कोणी ठेवत नाही. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा आईनं त्याला शेजारणीला एका कवडीला विकलं आणि लगेच परत घेतलं, म्हणजे मरणाला वाटावं की हे लेकरू या घरचं नाहीच. काका स्वतः ही गोष्ट फार मजेत सांगायचा. "आपला भाव तं जन्मालेच ठरला बाप्पा," असं म्हणून तो हसायचा आणि पुन्हा तारेत डोकं घालायचा. मला त्या वेळी वाटायचं की सौसरमध्ये या माणसाइतकं महत्त्वाचं कोणी नाही. खरं सांगायचं तर अजूनही तसंच वाटतं.

सांगायची ती गोष्ट गेल्या वर्षीची आहे. काकाला सदुसष्ट वर्षं झाली होती. त्याचा एकुलता मुलगा संदीप नागपूरला नोकरीत आहे. तो दर फोनवर एकच म्हणायचा, दुकान बंद करा आणि दोघं इकडे या. काकाचं उत्तरही ठरलेलं असायचं. "जोवर हात चालते तोवर दुकान चालते. हात थांबला का मीच शटर पाडतो, तुले सांगायचं काम नाही पडनार." संदीपनं हा शब्द गाठीला बांधून ठेवला होता. नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावर, समोर एकही मोटर नाही, असा बसलेला कवडूकाका काही केल्या माझ्या डोळ्यांसमोर उभा राहत नव्हता. मी तसं बोलून दाखवलं की आई म्हणायची, "तुला काय जातं? त्याचं वय झालं आता." वय सगळ्यांचंच होतं, पण मला त्या बोलण्याचा राग यायचा.

दसऱ्याला मी सौसरला येतेच. त्या दिवशी काकाच्या दुकानात अवजारांची पूजा असते. पक्कड, सोल्डरिंगची कांडी, तार गुंडाळायचं हाताचं यंत्र, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं. शेजारपाजारच्यांची यंत्रंही तिथेच यायची. आईचं शिलाई मशीन यायचं, एके काळी माझी सायकल यायची, आता माझा लॅपटॉप येतो. दुकानाचे दोन नियम होते. बंद मशीनची पूजा करायची नाही, चालू करूनच करायची. आणि अक्षता एकच टाकायची, तीही अंगावर नाही, बाजूला. "देवाले मूठभर चालते," काका सांगायचा. "मशीन काई जेवत नाही."

त्या दसऱ्यालाही त्यानं वाकून माझ्या उघड्या लॅपटॉपला कुंकवाचं बोट लावलं आणि अक्षता टाकली. मी सोनं वाटायच्या घाईत होते, नीट पाहिलं नाही.

चार दिवसांनी पांढुर्ण्याला लॅपटॉप खरखरायला लागला. मग खरखर थांबली आणि तो तापायला लागला. पंधरा-वीस मिनिटं काम केलं की मांडीवर ठेववत नसे आणि मग स्वतःच बंद पडत असे. सहामाहीचे सगळे पेपर त्यात होते. आमच्या शाळेतले वीरेंद्र सर कॉम्प्युटरचे जाणकार. त्यांनी सांगितलं, मॅडम, गादीवर ठेवू नका, खालची हवा कोंडते. मी स्वयंपाकघरातली परात पालथी घालून तिच्यावर ठेवला, तर परातही तापली. त्यांनी सांगितलं, नको असलेले प्रोग्राम बंद करा. मी केले. टेबलफॅन समोर लावला, तर पेपरांचे कागद तेवढे उडाले. कोणीतरी मोबाइलवर पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा उपाय पाठवला. तेवढा मूर्खपणा मात्र मी केला नाही. शेवटी दिवाळीची सुट्टी लागली आणि मी लॅपटॉप पिशवीत घालून सौसरची बस पकडली.

"याच्यात पंखा असते ना?" काकानं विचारलं. "मंग मोटरच झाली. ठेव इथं."

दुकानात त्या दिवशी एकच काम होतं. रामाकोन्याच्या भगवंतरावांची विहिरीवरची मोटर भरून, सुकून तयार झाली होती आणि जमिनीवर गुणगुणत चालू होती. संध्याकाळी त्यांची गाडी न्यायला येणार होती. काकानं सकाळीच हात ठेवून पाहिला होता. "दहा झाले," तो म्हणाला. "पास."

आम्ही लॅपटॉप चालू करून बाकावर ठेवला. काकाच्या बायकोनं, पंचफुलाकाकूनं, चहा दिला आणि ती आत भाकरी थापायला गेली. चहा पिऊन होईतो लॅपटॉप भलताच तापला. मी खालून बोट लावलं आणि चटका बसला म्हणून लगेच काढलं. काकानं चष्मा वर सरकवला, लॅपटॉप एका बाजूनं उचलला, त्याखाली तळवा घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मोज."

अडतीस वर्षांची बाई मी, पण मोजायला लागले. एक, दोन, तीन. दहा झाले. काकाचा हात हलला नाही. मी थांबले तरी तो तसाच बसून होता. मग तो म्हणाला, "कुठं गरम हाये? थंड तं हाये. तुमा पांढुर्ण्यावाल्याईले सगळ्याचीच घाई."

तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. लॅपटॉप तापून बंद पडला होता आणि काकाचा तळवा अजून त्याच्याखालीच होता.

"काका, हात काढा," मी म्हटलं.

त्यानं हात काढला आणि उलटा करून पाहिला. तळवा लाल झाला होता. तो दुसऱ्या कोणाचा हात असावा तसं त्याकडे पाहत राहिला. मागच्या दारात काकू उभी होती, दोन्ही हात पिठाचे. ती पुढे आली, त्याचं मनगट धरलं आणि हात पाण्याच्या बादलीत बुडवला.

"सांगून टाका आता तिले," ती म्हणाली.

काका बादलीतल्या पाण्याकडे पाहत राहिला. मग तीच बोलली. "साखर हाये ना त्याईले. आधी पाय गेले, चप्पल निसटून मांगं राहते अन् यायले पत्ता नाही. मंग हात. डॉक्टर म्हनते, नसा गेल्या. मागच्या महिन्यात कांडीनं बोट भाजलं, त वास आला तवा समजलं. दोन वर्सं झाले, संदीपले सांगू देत नाही."

दोन वर्षं या माणसानं कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. मी दर सुट्टीत येत होते, त्याच्यासमोर बसून चहा पीत होते आणि मला काही दिसलं नव्हतं. मला स्वतःचाच राग आला. आणि वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी लॅपटॉप उलटा केला.

"खोलायचा का?" मी विचारलं.

काकानं हात पुसले. "आधी त्याले निवू दे. मंग खोल. मी सांगतो, तू कर."

मग आम्ही ते काम केलं. काकानं एक पुठ्ठा मागवला आणि त्यावर पेन्सिलनं लॅपटॉपचा आकार काढला. निघालेला एकेक स्क्रू मी त्याच जागी पुठ्ठ्यात खोचत गेले, म्हणजे परत लावताना कोणता कुठला हा घोळ नको. मोबाइलवर एक व्हिडिओ लावून तो वार्निशच्या डब्याला टेकवला. बॅटरीची तार आधी काढ, झाकण ओढू नको, नखानं कडेकडेनं सोडव, काका सांगत होता आणि मी करत होते. नजर त्याची अजून पक्की होती. झाकण निघालं तसं त्यानं नाक जवळ नेलं आणि म्हणाला, "जळालं काई नाही. पंखा पाय."

पंख्याच्या तोंडावर रुईचा करडा थर बसला होता. आमच्याकडे कापसाच्या दिवसांत ही रुई कुठे जात नाही ते विचारा. मी ब्रशनं ती काढली. तरी पंखा बोटानं फिरेना. मी टॉर्च जवळ धरला आणि नीट पाहिलं. पात्यांच्या मधे काहीतरी लाल अडकलं होतं.

चिमट्यानं काढलं तर तांदळाचा दाणा. कुंकवानं माखलेला.

मी दुसरा काढला. मग तिसरा. काही पात्यांत होते, काही मागच्या जाळीत. मी एकेक काढून पुठ्ठ्यावर ठेवत गेले. पंख्यानं दसऱ्याच्या अक्षता जाळीतून आत ओढल्या होत्या, सगळे मिळून सात दाणे निघाले.

काका त्या सात दाण्यांकडे बराच वेळ पाहत होता. मग त्यानं अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासलं, चिमूट धरतात तसं.

"मले वाटलं एकच हाये," तो म्हणाला.

 काकूनं तोंड भिंतीकडे वळवलं.

मी झाकण लावलं, पुठ्ठ्यावरून स्क्रू परत बसवले आणि लॅपटॉप चालू केला. पंखा फिरला. पाव तास झाला, अर्धा झाला. खालून कोमट, बस्स, त्याच्या वर चढेना. एरवी अशा वेळी काकानं मांडीवर थाप मारली असती. त्या दिवशी तो उठला आणि बाकावरची अवजारं एकेक करून पेटीत ठेवायला लागला.

"संदीपची माय, त्याले फोन लाव," तो म्हणाला. "म्हनावं, दिवाळीले येतो आमी. शटर पाडून येतो."

काकू हलली नाही. "अन् थे भगवंतरावची?"

मोटर जमिनीवर गुणगुणतच होती. काका तिच्याकडे पाहत थांबला. मग मला म्हणाला, "तू ठेव हात. आधी पाठ."

मी हाताची पाठ लावली, मग तळवा ठेवला. मोजणी काकानं केली, हळू आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा उलटं झालं होतं. सातवर मला सोसेना आणि मी हात काढला. दहा म्हणावं असं मनात आलं होतं, हे कबूल करते. त्याची शेवटची मोटर, ती तरी पास होऊन जावी. पण मी म्हटलं, "सात."

"तुझा हात खडूचा," काका म्हणाला. "नाजूक. तुझे सात म्हंजे माझे दहाही असू शकते." मग तो पेटीवर बसला. "पन मी सकाळी दहा म्हनलं, थेही खरं नाही. दोन वर्सापासून मी सगळ्याईले दहाच सांगून राहिलो."

हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला. दोन मोटरा वर्षभरात परत आल्या होत्या, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. लोकांनी व्होल्टेजला दोष दिला आणि त्यानं देऊ दिला, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं.

काकू आतून हात धुऊन आली. पदरानं पुसत पुसत ती मोटरजवळ उकिडवी बसली आणि तिनं तळवा मोटरवर ठेवला. पाठ नाही, काही नाही, सरळ तळवा.

"अवो, करंट लागन," काका ओरडला.

"तिनं ठेवला तवा लागला का?" काकू म्हणाली आणि डोळे मिटून बसली. तिनं मोजलं नाही. हात काढला, थोडी थांबली, पुन्हा ठेवला. असं तीन वेळा केलं. मग म्हणाली, "चढून राहिला."

काकानं मान वर केली. "काय?"

"ताव. थांबला नाही अजून, चढूनच राहिला. पह्यल्यापेक्षा आता जास्त हाये." तिनं हात पदराला पुसला. "ही नका देऊ."

काका तिच्याकडे असा पाहत होता की जणू त्यानं तिला त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या तोंडचं वाक्य तिनं म्हटलं होतं आणि ते त्याच्याकडून ऐकून नाही, तव्याकडून शिकून म्हटलं होतं. चाळीस वर्षं ती रोज भाकरी टाकायच्या आधी तव्यावर हात धरून ताव पाहत होती, भिंतीच्या पलीकडे, दहा पावलांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

"तू कधी बोलली नाही," काका म्हणाला.

"मले कोनी इचारलं?"

भगवंतरावांची गाडी आली तेव्हा काकानं त्यांना स्वतः सांगितलं की मोटर उद्या मिळेल, आज ती बरोबर नाही. ते जरा कुरकुरले आणि गेले. काका-काकू दोघांनी मिळून मोटर खोलली. एका बाजूचं बेअरिंग आवळून बसलं होतं. ते बदललं, पुन्हा चालवली, आणि काकूनं हात ठेवून सांगितलं की आता थांबला. काकानं ते ऐकून पेटीतली अवजारं परत बाकावर लावली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. संदीपला फोन लागला तेव्हा मी तिथेच होते. काकानं त्याला साखरेचं, नसांचं, भाजलेल्या बोटाचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पलीकडून संदीप बरंच बोलला असावा. शेवटी काका म्हणाला, "हात थांबला होता, खरं हाये. पन घरातच दुसरा निघाला. आमी दिवाळीले येतो, चार दिवस. मंग वापस."

यंदा दसऱ्याला मी लॅपटॉप घेऊन गेले. आई म्हणाली, एकदा तोंड पोळलं तरी तुझी खोड जात नाही. दुकानात पाट मांडला होता, अवजारं धुतली होती आणि नियमाप्रमाणे सगळ्या मशीन चालू होत्या. या वेळी तबक काकाच्या हातात होतं आणि पाटासमोर काकू बसली होती. तिनं लॅपटॉपला कुंकू लावलं, तबकातून चिमूट उचलली आणि बाजूला अक्षता टाकली. काका चष्मा सरकवून खाली वाकला आणि त्यानं दाणे मोजले.

"एक," तो म्हणाला.